बोरा मिलुटिनोविच: पाच देश, सलग पाच विश्वचषक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फुटबॉलच्या प्रशिक्षकांचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा युरोपातल्या चार-पाच मोठ्या क्लबांपाशी संपतात. राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकांकडे फारसं कोणी वळत नाही. त्यात बोरा मिलुटिनोविच हे नाव तर तिशीच्या आतल्या वाचकांनी बहुधा ऐकलेलंच नसतं, आणि ज्यांनी ऐकलेलं असतं त्यांना 'तो पाच देशांवाला' एवढंच आठवतं. या माणसाची कारकीर्द त्याहून कितीतरी समृद्ध आहे. वाचकांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बोरा मिलुटिनोविच नेमके कोण?

पूर्ण नाव वेलिबोर मिलुटिनोविच, सगळं जग त्यांना बोरा म्हणतं. युगोस्लाव्हियातले माजी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक. १९८६ मध्ये मेक्सिको, १९९० मध्ये कोस्टा रिका, १९९४ मध्ये अमेरिका, १९९८ मध्ये नायजेरिया आणि २००२ मध्ये चीन अशा पाच वेगवेगळ्या देशांचे संघ घेऊन ते सलग पाच विश्वचषकांत उतरले. यांतल्या पहिल्या चारही संघांनी साखळी फेरी ओलांडली. चार वेगवेगळ्या देशांना बाद फेरीत नेणारा दुसरा प्रशिक्षक झालेला नाही.

त्यांचं बालपण कुठे गेलं? भाऊही फुटबॉलपटू होते का?

जन्म ७ सप्टेंबर १९४४, बायिना बाश्ता या सर्बियातल्या गावी. द्रिना नदीकाठचं हे गाव, आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आईवडिलांचं छत्र फार लवकर हरपलं आणि पुढचं वाढणं नातेवाइकांकडे बोर या तांब्याच्या खाणींच्या गावात झालं.

तीन भाऊ, तिघेही फुटबॉलपटू आणि तिघेही बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळले. थोरला मिलोश सगळ्यांत नामांकित. १९५४ आणि १९५८ च्या विश्वचषकांत तो युगोस्लाव्हियाकडून खेळला, पुढे बायर्न म्युनिकलाही होता. मधला मिलोराद. बोरा धाकटे. घरात एवढा मोठा खेळाडू असताना धाकट्याने त्याच क्लबात, त्याच प्रेक्षकांसमोर उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्यांचे थोरले भाऊ शाळेत पहिले येत त्यांना वेगळं सांगायला नको.

खेळाडू म्हणून ते किती मोठे होते?

चांगले होते, थोर नव्हते. मधल्या फळीत खेळायचे. साठच्या दशकातलं पार्टिझान बलाढ्य होतं. १९६१, १९६२, १९६३ आणि १९६५ मध्ये लीग त्यांनीच जिंकली. अशा संघात जागा टिकवणं सोपं नव्हतं. देशाच्या मुख्य संघाकडून खेळण्याची संधी बोरांना मिळाली नाही.

१९६६ च्या सुमारास ते देशाबाहेर पडले आणि तिथून त्यांची खरी भटकंती सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर, मग फ्रान्सच्या लीगमध्ये मोनॅको, नीस आणि रुआं, आणि १९७२ मध्ये थेट अटलांटिक ओलांडून मेक्सिको. प्रशिक्षक बोरा समजून घ्यायचे असतील तर खेळाडू म्हणून घालवलेल्या या दहा वर्षांकडे नीट पाहायला हवं. परक्या देशात, परक्या भाषेत, ड्रेसिंग रूममध्ये कोपऱ्यात बसलेला नवा माणूस कसा असतो, ते त्यांनी स्वतः पुनःपुन्हा अनुभवलं होतं.

युगोस्लाव्हियाचा खेळाडू मेक्सिकोत कसा पोहोचला आणि तिथे त्याने काय केलं?

मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा क्लब आहे, पुमास. विद्यापीठाचा क्लब असल्यामुळे तरुण मुलं हेरून घडवायची ही त्याची जुनी पद्धत. बोरा तिथे १९७२ ते १९७६ खेळले, निवृत्त झाले आणि १९७७ मध्ये त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. लग्नही मेक्सिकन मुलीशी केलं, घर तिथेच केलं. पुढे जगभर फिरले तरी परतायचा पत्ता मेक्सिकोच राहिला.

पुमासमध्ये ते १९८३ पर्यंत होते. १९८०-८१ ची मेक्सिकन लीग जिंकली, १९८० आणि १९८२ मध्ये उत्तर व मध्य अमेरिकेतल्या क्लबांचं विजेतेपद मिळवलं. ह्यूगो सांचेझ हा पुढे रेआल माद्रिदमध्ये गोलांचा पाऊस पाडणारा खेळाडू याच संघात, बोरांच्या हाताखाली तयार झाला. मॅन्युएल नेग्रेतेही याच संघातला.

माझ्या मते बोरांचं सगळ्यांत कसदार काम याच सहा वर्षांतलं आहे. विश्वचषकाच्या झगमगाटात ते झाकलं जातं. पुढे त्यांच्यावर 'हा दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहायला येणारा माणूस' असा आरोप झाला. तो करणाऱ्यांनी पुमासचा इतिहास वाचलेला नसतो.

१९८६ मध्ये मेक्सिकोचं नेमकं काय झालं?

त्या वर्षीचा विश्वचषक मेक्सिकोतच भरला होता, त्यामुळे संघाला पात्रता फेरी खेळायची नव्हती. फायद्यासारखी वाटणारी ही गोष्ट प्रशिक्षकासाठी डोकेदुखी असते, कारण तीन वर्षं कसोटीचे सामनेच मिळत नाहीत. बोरांनी मैत्रीपूर्ण सामन्यांवर आणि लांबलचक शिबिरांवर संघ बांधला.

साखळीत बेल्जियमवर २-१ असा विजय, पॅराग्वेशी १-१ बरोबरी, इराकवर १-०. बाद फेरीत बल्गेरियाला २-० हरवलं; त्यात नेग्रेतेने हवेत आडवं होऊन मारलेला गोल आजही विश्वचषकातल्या सर्वांत देखण्या गोलांत धरतात. मग २१ जूनला मोंतेरेला उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनी. जर्मनीचा थॉमस बेर्टहोल्ड लाल कार्ड मिळून मैदानाबाहेर गेला, नंतर जादा वेळेत मेक्सिकोचा हावियर अगिरेही. १२० मिनिटं ०-० आणि पेनल्टी शूटआउटमध्ये जर्मनी ४-१. गोलरक्षक शूमाखरने दोन फटके अडवले.

मेक्सिको विश्वचषकात याहून पुढे कधीच गेलेला नव्हता. १९७० मध्येही उपांत्यपूर्व फेरीपर्यंतच मजल होती, तीही घरच्याच मैदानांवर. पुढे १९९४ ते २०१८ अशा सलग सात विश्वचषकांत हा संघ पहिल्याच बाद सामन्यात हरत राहिला, तेव्हा मेक्सिकन लोकांना १९८६ ची किंमत जास्त कळली.

त्यानंतर लगेच एखादा क्लब का मिळाला नाही?

मिळाला, पण जमलं नाही. अर्जेंटिनाचा सान लोरेन्सो आणि इटलीचा उदिनेसे, दोन्हीकडचा मुक्काम अल्प ठरला.

कोस्टा रिकाची गोष्ट एवढी का सांगितली जाते?

कारण ती खरोखर विलक्षण आहे. कोस्टा रिका १९९० मध्ये पहिल्यांदाच विश्वचषकात आला. संघाला पात्र ठरवलं होतं मार्विन रॉद्रिगेस यांनी. महासंघाने त्यांना बाजूला करून स्पर्धेला काही महिने उरले असताना बोरांना आणलं. बोरांनी आल्या आल्या काही जुने, लोकप्रिय खेळाडू वगळले. एवारिस्तो कोरोनादोसारखं नाव संघात नाही म्हटल्यावर देशात ओरड झाली. एवढ्या थोड्या वेळात असा निर्णय घ्यायला छाती लागते. स्पर्धा वाईट गेली असती तर त्यांना त्या देशात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गट होता ब्राझील, स्कॉटलंड आणि स्वीडनचा. ११ जूनला जेनोवात स्कॉटलंडविरुद्ध हुआन कायासोने गोल केला आणि कोस्टा रिका १-० जिंकला. ब्राझीलविरुद्ध तुरिनमध्ये फक्त ०-१ अशी हार. २० जूनला स्वीडनने आधी गोल केला; ७५ व्या मिनिटाला रॉजर फ्लोरेसने बरोबरी साधली आणि शेवटच्या काही मिनिटांत एर्नान मेडफर्ड एकटा चेंडू घेऊन पळाला आणि २-१. पहिल्याच विश्वचषकात बाद फेरी!

या यशात गोलरक्षक गाबेलो कोनेहोचा वाटा फार मोठा होता. दुखापतीमुळे तो बाद फेरीत खेळू शकला नाही आणि चेकोस्लोव्हाकियाने बारीत ४-१ असं हरवलं. तोमाश स्कुहरावीने तीन गोल डोक्याने केले. कोनेहो असता तर निकाल फिरला असता असं मी म्हणणार नाही, पण गोलफरक इतका मोठा नसता.

त्या संघाकडे दुसऱ्या एका कारणासाठीही पाहा. त्यातले मेडफर्ड, रोनाल्ड गोन्सालेस आणि आलेशांद्रे गिमाराइस हे तिघंही पुढे कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. काही महिन्यांच्या सहवासातून असं घडत असेल, तर त्या शिबिरात नुसती धावपळ चाललेली नव्हती. गिमाराइस हे नाव लक्षात ठेवा, खाली परत येईल आणि मुंबईपर्यंत पोहोचेल.

ब्राझीलविरुद्ध काळे-पांढरे पट्टे घालण्याची युक्ती खरी का?

कोस्टा रिकाचा नेहमीचा शर्ट लाल. ब्राझीलविरुद्ध मात्र संघ काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत उतरला. सामना तुरिनमध्ये, म्हणजे युव्हेंटस या क्लबाच्या गावात होता आणि युव्हेंटसचा शर्ट अगदी तसाच. मायदेशातला जुना क्लब ला लिबर्ताद याच्या सन्मानार्थ हे रंग निवडले, असं कारण दिलं गेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काही हरकत नाही. तुरिनचे प्रेक्षक छोट्या संघाच्या बाजूने ओरडले, हे मात्र नक्की.

अमेरिकेत त्यांनी काय वेगळं केलं?

अमेरिकेचं उत्तर जरा लांब आहे, कारण १९९१ ते १९९५ अशी चार वर्षं त्यांना तिथे मिळाली आणि राष्ट्रीय संघासोबत इतका सलग वेळ त्यांना फार थोड्या वेळा मिळाला.

आधी परिस्थिती समजून घ्या. अमेरिकेतली जुनी व्यावसायिक लीग १९८४ च्या मोसमानंतर बंद पडली होती. १९९० च्या विश्वचषकात संघ तिन्ही सामने हरला होता. त्यातला चेकोस्लोव्हाकियाविरुद्धचा तर ५-१ ने. आणि १९९४ चा विश्वचषक याच देशात होणार होता. यजमान संघच तिन्ही सामने हरला, तर स्टेडियम भरून काय उपयोग?

१९९१ मध्ये पहिल्या गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत, अमेरिकेने मेक्सिकोला २-० हरवलं आणि अंतिम सामन्यात होंडुरासला पेनल्टीवर. मेक्सिकोचे प्रशिक्षक मॅन्युएल लापुएंते यांना त्या पराभवानंतर जावं लागलं. हेही नाव लक्षात असू द्या.

देशात लीग नाही, मग खेळाडू रोज खेळणार कुठे? महासंघाने कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहो इथे कायमचं शिबिर उभारलं, खेळाडूंना पगारावर घेतलं आणि राष्ट्रीय संघच एखाद्या क्लबासारखा वर्षभर चालवला. अलेक्सी लालास, कोबी जोन्स यांसारखी कॉलेजातून आलेली मुलं तिथे घडली. जॉन हार्क्स, टॅब रामोस, एरिक विनाल्डा, अर्नी स्टुअर्ट हे युरोपात खेळणारे खेळाडू नंतर येऊन मिळाले. ९ जून १९९३ ला फॉक्सबरोमध्ये या संघाने इंग्लंडला २-० हरवलं. गोल थॉमस डूली आणि लालासचे.

१९९४ मध्ये स्वित्झर्लंडशी १-१. विनाल्डाची ती फ्री किक अमेरिकन चाहते अजून विसरलेले नाहीत. मग २२ जूनला रोझ बोल स्टेडियममध्ये नव्वद हजारांहून अधिक लोकांपुढे कोलंबिया. आदल्या सप्टेंबरात अर्जेंटिनाला त्यांच्याच घरी ५-० हरवून आलेला हा संघ. अमेरिकेने तो सामना २-१ जिंकला. रुमानियाविरुद्ध ०-१ अशी हार झाली तरी बाद फेरी गाठली, आणि ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ब्राझीलशी गाठ पडली. लिओनार्दोने टॅब रामोसला कोपर मारलं, ब्राझील दहा जणांवर आला, रामोसला मात्र रुग्णालयात जावं लागलं. शेवटी बेबेतोचा एक गोल आणि अमेरिका बाहेर. त्या ब्राझीलने नंतर विश्वचषक जिंकला.

कोलंबियाच्या त्या सामन्यात स्वयंगोल झाला होता ना?

हो. हार्क्सचा क्रॉस अडवताना आंद्रेस एस्कोबारकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. २ जुलै १९९४ ला कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये त्यांचा गोळ्या घालून खून झाला. २७ वर्षांचा, अतिशय सभ्य म्हणून ओळखला जाणारा बचावपटू. अमेरिकेच्या त्या विजयाबद्दल लिहिताना ही गोष्ट गाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. खेळात चूक होते, ती त्या मैदानावरच संपायला हवी होती.

एवढं करूनही अमेरिकेने त्यांना का सोडलं?

महासंघाला प्रशिक्षकाने प्रशासकीय आणि विकासाची कामंही करावीत असं वाटत होतं. बोरांना मैदानावरचं काम हवं होतं. एप्रिल १९९५ मध्ये वाटा वेगळ्या झाल्या आणि त्यांचे सहायक स्टीव्ह सॅम्पसन यांच्याकडे संघ आला.

मेक्सिकोने १९९७ मध्ये पात्र ठरूनही त्यांना काढलं, हे कसं?

१९९५ मध्ये ते मेक्सिकोत परतले. १९९६ चा गोल्ड कप जिंकला, १९९७ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला आणि विश्वचषक पात्रतेच्या अंतिम फेरीत दहा सामन्यांत एकदाही हरले नाहीत. अडचण एवढीच की त्या दहांपैकी सहा सामने बरोबरीत सुटले. २ नोव्हेंबर १९९७ ला आझतेका स्टेडियमवर अमेरिकेने जवळपास तासभर दहा खेळाडूंनिशी मेक्सिकोला ०-० वर रोखलं आणि घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली. महिन्याभरातच बोरा गेले. त्यांच्या जागी आले मॅन्युएल लापुएंते, म्हणजे १९९१ मध्ये बोरांच्या अमेरिकेकडून हरल्यावर पद गेलेले तेच.

मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो. पण मेक्सिकोत फुटबॉल नुसता जिंकून चालत नाही, तो डोळ्यांना भरलाही पाहिजे, आणि त्या वर्षी तो भरत नव्हता हेही खरं.

नायजेरियात काय बिघडलं?

संघ भन्नाट होता. ओकोचा, कानू, ओलिसेह, फिनिदी, १९९६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाची नवी नवी झळाळी. पात्र ठरवून दिलं होतं फिलिप ट्रूसिए यांनी. त्यांच्या जाण्यानंतर बोरा आले. १३ जून १९९८ ला नांतमध्ये स्पेनवर ३-२ विजय, त्यात ओलिसेहने लांबून मारलेला निर्णायक गोल. बल्गेरियावर १-०. दोन सामन्यांत बाद फेरी पक्की! पॅराग्वेविरुद्ध बदल करून उतरलेला संघ १-३ हरला, आणि त्यामुळे पॅराग्वे पुढे गेला आणि स्पेन घरी.

मग २८ जूनला डेन्मार्क. बाराव्या मिनिटापर्यंत ०-२, शेवटी १-४. पुढच्या फेरीत ब्राझील समोर येणार होता आणि सगळ्या नायजेरियात चर्चा त्याचीच चालली होती. आधी डेन्मार्कला हरवायचं आहे, हे खेळाडूंच्या मनावर ठसवणं प्रशिक्षकाचं काम. पाचही विश्वचषकांत बोरांवर ठपका ठेवावा असा हा एक सामना आहे असं मला वाटतं.

क्लब पातळीवर त्यांचं अपयश मोठं होतं का?

न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या मेट्रोस्टार्ससोबत १९९९ चा मोसम: ३२ सामने, २५ पराभव. आणखी काय सांगणार?

चीनमध्ये ते एवढे लोकप्रिय कसे झाले?

२००० मध्ये चीनने त्यांना बोलावलं. तिथे ते 'मिलू' झाले. त्यांची टोपी प्रसिद्ध झाली, तिच्यावर चिनी लिपीत लिहिलं होतं: वृत्तीच सगळं ठरवते. 'आनंदी फुटबॉल' हा त्यांचा दुसरा घोष. चिनी खेळाडू तेव्हा फार दडपणाखाली खेळत. वर्षानुवर्षं पात्रता फेरीत शेवटच्या क्षणी कोसळण्याची परंपराच होती. बोरांनी सरावात फुटबॉल-टेनिस आणलं, हसणं आणलं. स्वतः खेळाडूंबरोबर जाळीपलीकडे उभे राहून खेळायचे. वृत्तपत्रांनी सुरुवातीला झोडपलं, सरावाला पोरखेळ म्हटलं.

७ ऑक्टोबर २००१ ला शेनयांगच्या वुलिहे स्टेडियमवर यू गेनवेईच्या गोलने ओमानवर १-० विजय मिळाला आणि चीन पहिल्यांदा विश्वचषकात पोहोचला. रात्रभर देश रस्त्यावर होता.

हे यश तोलताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान असल्यामुळे पात्रता फेरीत नव्हते, आणि इराण व सौदी अरेबिया दोघंही दुसऱ्या गटात पडले होते. चीनच्या गटात संयुक्त अरब अमिराती, उझबेकिस्तान, कतार आणि ओमान. यातल्या अमिरातीला त्याच वर्षी, आधीच्या फेरीत, भारताने बेंगळुरूमध्ये १-० हरवलं होतं. गोल गोव्याच्या ज्यूल्स आल्बेर्तो डायसचा. भारत त्या गटात अमिरातीपेक्षा एका गुणाने मागे राहिला. तेव्हा आपण त्या शर्यतीच्या किती जवळ होतो, याचा विचार आजही मनाला चटका लावतो.

प्रत्यक्ष विश्वचषकात चीन कोस्टा रिकाकडून ०-२, ब्राझीलकडून ०-४, तुर्कस्तानकडून ०-३ असा हरला. एकही गोल नाही. दोनदा चेंडू खांबाला लागून परतला. त्यानंतर चीनचा पुरुष संघ विश्वचषकात परत पोहोचलेला नाही, आणि म्हणूनच तिथे मिलूंचं नाव अजून आदराने घेतात.

दुसऱ्यांनी पात्र ठरवलेले संघ त्यांनी आयते घेतले, हा आरोप खरा आहे का?

अर्धा. कोस्टा रिका आणि नायजेरिया त्यांच्या हाती पात्र ठरल्यावर आले. मेक्सिको आणि अमेरिका यजमान म्हणून थेट आत होते. स्वतः पात्रता फेरी लढवून त्याच संघासह विश्वचषक खेळले ते फक्त चीनबरोबर. १९९७ मध्ये मेक्सिकोला त्यांनी पात्र ठरवलं, पण विश्वचषक दुसऱ्याच्या वाट्याला आला.

आता दुसरी बाजू. पाच विश्वचषकांत त्यांचे २० सामने झाले: ८ विजय, ३ बरोबरी, ९ पराभव. हे आकडे ब्राझील किंवा जर्मनीच्या प्रशिक्षकाचे असते तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण ते कोस्टा रिका, अमेरिका, चीन यांचे आहेत. त्यांना 'चमत्कार करणारा' म्हणत, आणि मला हे बिरुद पटत नाही. चमत्कार म्हटलं की त्यामागचं काम दिसेनासं होतं: कोणाला वगळायचं, कोणाची भीती कशी घालवायची, कोणत्या सामन्यात एका गुणावर समाधान मानायचं. खेळाडूंची पारख आणि वेळेचं भान, बोरांची विद्या ही.

त्यांचा विक्रम कोणी मोडला का?

ब्राझीलच्या कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांनी पाच देशांची बरोबरी केली: कुवेत, अमिराती, ब्राझील, सौदी अरेबिया आणि २०१० मध्ये दक्षिण आफ्रिका. ब्राझीलला ते दोनदा घेऊन गेले, म्हणून त्यांचे विश्वचषक सहा. १९९४ मध्ये त्यांनी विश्वचषक जिंकलाही. सलग पाच स्पर्धा, प्रत्येक वेळी नवा देश, हे मात्र अजून बोरांचंच.

२००२ नंतर काय केलं?

होंडुरास, कतारचा अल सद क्लब, जमैका. यातलं काही फार लांबलं नाही, जमैकात तर निराशाच पदरी पडली. २००९ मध्ये आशियाई विजेत्या इराकला घेऊन ते कॉन्फेडरेशन्स कपला, म्हणजे खंडोखंडीच्या विजेत्यांच्या स्पर्धेला, गेले: दक्षिण आफ्रिकेशी ०-०, स्पेनकडून ०-१, न्यूझीलंडशी ०-०. युद्धाने पोळलेल्या देशाचा तो संघ तेव्हाच्या युरोपीय विजेत्या स्पेनपुढे एका गोलानेच हरला.

इतक्या देशांत ते बोलायचे कसे?

सर्बियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, इंग्रजी. सगळ्या सफाईने नव्हे. इंग्रजीत मध्येच स्पॅनिश यायचं. पत्रकारांना आडवळणाची उत्तरं देऊन चकवायला हे मिश्रण त्यांच्या कामी येई. चीनमध्ये दुभाषाच्या मदतीने काम चालवलं. मैदानावर ते फार लांब भाषणं देत नसत, चेंडू घेऊन दाखवत.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध?

बोरांनी भारतात काम केलेलं नाही. पण त्यांच्या वर्तुळातली माणसं इथे आली.

पहिले गिमाराइस. जन्म ब्राझीलमधल्या मासेयोचा, पण लहानपणीच कोस्टा रिकात आले, तिथलेच झाले आणि १९९० मध्ये बोरांच्या संघातून खेळले. ४ जून २००२ ला ग्वांगजूमध्ये चीनविरुद्ध कोस्टा रिकाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून तेच होते. शिष्याने गुरूला २-० हरवलं. पुढे २००६ च्या विश्वचषकातही कोस्टा रिका त्यांच्याकडेच होता. नंतर पनामा, आखाती देश, चीन असं करत ते २०१६ मध्ये मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. त्या मोसमात अंधेरीच्या मैदानावर दिएगो फोर्लान खेळला, मुंबई सिटी साखळीत पहिल्या क्रमांकावर राहिला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. तेव्हा अंधेरीला सामने पाहिलेल्या कितीतरी मराठी प्रेक्षकांना ठाऊकही नसेल की समोर उभा असलेला माणूस १९९० च्या त्या संघातला आहे.

दुसरे इंग्लंडचे बॉब हाउटन. स्वीडनच्या माल्मो क्लबला १९७९ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात नेणारे. बोरांच्या आधी, १९९७ ते १९९९ मध्ये, ते चीनचे प्रशिक्षक होते आणि २००६ ते २०११ मध्ये भारताचे. त्यांच्याच काळात भारत २०११ च्या आशियाई चषकात खेळला.

आणि युगोस्लाव्हियाचा धागा हवा असेल तर चिरिच मिलोवान. १९८४ च्या आशियाई चषकासाठी भारताला पात्र ठरवणारे प्रशिक्षक. जुन्या भारतीय खेळाडूंच्या बोलण्यात ते नाव अजून प्रेमाने येतं.

आपल्याकडे असा खेळाडूचा प्रशिक्षक झालेला माणूस कोण?

देश बदलत फिरलेला नाही, पण गोव्याचे डेरिक परेरा यांचं नाव घ्यावंच लागेल. साळगावकरचे आणि भारताचे बचावपटू. प्रशिक्षक म्हणून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली, नंतर पुणे एफसी घडवलं, पुढे एफसी गोवाही सांभाळलं. महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफसी दोन्ही संघ आज नाहीत. संघच टिकत नसतील तर त्यांच्यातून प्रशिक्षक घडणार कसे, हा प्रश्न आपल्या फुटबॉलला कोणीतरी गंभीरपणे विचारायला हवा.

बोरांचा एकच सामना पाहायचा असेल तर कोणता?

कोस्टा रिका विरुद्ध स्वीडन, २० जून १९९०. त्यातला दुसरा अर्धा भाग. संघ एका गोलाने मागे आहे, मेडफर्ड आणि गिमाराइस दोघंही बदली खेळाडू म्हणून उतरतात आणि खेळाचा वेग बदलतो. चेंडू कुठे आहे हे थोडा वेळ विसरा आणि स्वीडनचे बचावपटू किती मागे सरकत जातात ते पाहा. त्यानंतर वेळ असेल तर १९८६ चा पश्चिम जर्मनीविरुद्धचा सामना. गोल एकही नाही, तरी पूर्ण पाहा, शूटआउटसकट.